चावणाऱ्या कुत्र्याची जात

कुत्रं चावल्याची मोठी बातमी आली की आपल्याकडची चर्चा ठरलेल्या दोन वाटांनी जाते. चावणारं पाळीव असेल तर 'या जातींवर बंदी आणा' आणि रस्त्यावरचं असेल तर 'सगळी उचलून न्या'. दोन्ही मागण्यांमागची भीती खरी आहे. मात्र गेल्या तीस-चाळीस वर्षांत या विषयावर जगभर भरपूर वैद्यकीय आणि पशुवैद्यकीय संशोधन झालं आहे आणि ते रायगड जिल्ह्यातला रसायनी-चौक-कर्जत हा पट्टा डोळ्यांसमोर ठेवून वाचलं की दोन्ही मागण्या अपुऱ्या वाटू लागतात. जातीवरचं जवळजवळ सगळं संशोधन मालक ठाऊक असलेल्या, कुंपणाआडच्या कुत्र्यांवरचं आहे. आपल्याकडे कुत्रं चावल्याने माणूस मरतो तो बहुतेक वेळा जखमेने नाही, रेबीजने. आणि रेबीजच्या विषाणूला कुत्र्याच्या जातीशी काही देणंघेणं नाही.

आधी इथली कुत्री पाहू. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सच्या कारखान्याभोवती रसायनी वाढलं, मग पाताळगंगा एमआयडीसी आली. मोहोपाड्याचा बाजार, कारखान्यांची कँटीनं, चिकनची दुकानं, कामगारांच्या चाळी, यांच्या उकिरड्यांवर जगणारी कुत्री हा पहिला गट. इथून फार लांब नाही त्या तळोजा औद्योगिक वसाहतीत २०१७च्या ऑगस्टमध्ये निळी झालेली कुत्री दिसली आणि त्यांचे फोटो जगभर फिरले. रंगाचं सांडपाणी ज्या नदीत जात होतं तिथे ती खायला शोधत उतरत होती. कारखान्याभोवतीचं कुत्रं कशावर जगतं हे त्या फोटोंइतकं स्पष्ट कुठल्याच अहवालाने सांगितलं नसेल.

दुसरा गट वाड्यांवरचा. इर्शाळगडाच्या आणि माथेरानच्या उतारांवर ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. तिथल्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नसतो, पण त्याला घर असतं. ते कोंबड्या राखतं, रानात बरोबर जातं, रात्री दारात झोपतं. सरकारी कागदावर 'पाळीव' आणि 'भटकं' असे दोनच रकाने असतात आणि हे कुत्रं दोन्हींत बसत नाही. तिसरा गट कर्जत, नेरळ, खालापूरकडच्या फार्महाऊसवरचा. मालक मुंबई-पुण्याचा, शनिवार-रविवारी येणारा, आणि जर्मन शेफर्डपासून रॉटवायलरपर्यंतचं कुत्रं आठवडाभर राखणदाराच्या कुटुंबाच्या हवाली. जातीच्या बंदीचा प्रश्न या पट्ट्यात लागू होतो तो एवढ्यापुरता.

जातीबद्दलचं संशोधन काय म्हणतं? सगळ्यात जास्त उद्धृत होणारा अभ्यास अमेरिकेतल्या सॅक्स आणि सहकाऱ्यांचा, २००० सालचा. १९७९ ते १९९८ या काळात कुत्र्याच्या हल्ल्यात झालेल्या मृत्यूंपैकी ज्यांत जात कळली अशा २३८ प्रकरणांचा त्यांनी हिशोब मांडला. निम्म्याहून अधिक मृत्यूंत पिटबुल प्रकारची कुत्री आणि रॉटवायलर होते. बंदीचे समर्थक इथे वाचन थांबवतात. पण त्याच निबंधात किमान २५ जातींची कुत्री प्राणघातक ठरल्याची नोंद आहे. शिवाय अमुक जातीची एकूण कुत्री किती हेच माहीत नसल्याने त्या जातीचा धोका काढता येत नाही, असंही लेखक बजावतात. अंश आहे, छेद नाही.

दुसऱ्या बाजूला शल्यचिकित्सकांचा अनुभव आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओच्या ट्रॉमा केंद्राने २०११ मध्ये पंधरा वर्षांतल्या २२८ रुग्णांचा आढावा छापला. पिटबुलने चावलेल्यांच्या जखमा जास्त गंभीर होत्या, इस्पितळाचा खर्च जास्त आणि मृत्यूचा धोकाही जास्त. चाव्यांची संख्या आणि चाव्यांची तीव्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रुंद जबड्याचं, पकडून झटके देणारं चाळीस किलोचं कुत्रं आणि पिंडरीला दात लावून पळणारं गावठी कुत्रं यांच्या जखमा सारख्या नसतात, हे सांगायला शोधनिबंधही लागत नाही. तरी त्या २२८ रुग्णांपैकी कुत्र्याची जात फक्त ८२ जणांच्या कागदावर होती. बाकीच्यांचं काय, हा प्रश्न उरतोच.

जात ओळखण्याचं गणितच कच्चं आहे. २००० ते २००९ या काळातल्या अमेरिकेतल्या २५६ मृत्यूंचा पॅट्रोनेक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये बारकाईने अभ्यास केला. नुसत्या बातम्यांवर न थांबता पोलिसांकडून माहिती घेतली. जात खात्रीने सांगता आली ती १७.६ टक्के प्रकरणांत. मात्र इतर गोष्टी पुन्हा पुन्हा दिसत राहिल्या. ८७ टक्के घटनांत मध्ये पडू शकेल असं धडधाकट माणूस जवळ नव्हतं, ८५ टक्क्यांत बळी पडलेल्या माणसाची त्या कुत्र्याशी नीट ओळख नव्हती, ८४ टक्क्यांत कुत्र्याची नसबंदी झालेली नव्हती, आणि ७६ टक्क्यांत कुत्र्याला माणसांचा रोजचा सहवास न देता वेगळं ठेवलेलं होतं. एकाच कारणाने नाही, अनेक कारणं एकत्र आली तेव्हा जीव गेला. फार्महाऊसच्या फाटकाआड आठवडाभर एकटं फिरणारं कुत्रं, ओळख नसलेला कुरियरवाला किंवा शेजारच्या वाडीवरचं पोर, आणि दूर शेतात असलेला राखणदार, अशी जुळणी कर्जतला कुठेही होऊ शकते. त्यात जात हा एक घटक आहे, पण बदलायला सोपे असलेले घटक दुसरेच आहेत.

जनुकांकडूनही जातीच्या बाजूने फार भक्कम साक्ष मिळत नाही. 'सायन्स' नियतकालिकात २०२२ मध्ये आलेल्या अभ्यासात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी भरलेल्या प्रश्नावल्या आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचे जनुकीय क्रम तपासले होते. एकेका कुत्र्याच्या स्वभावातल्या फरकांपैकी जातीने स्पष्ट होणारा वाटा सुमारे ९ टक्के निघाला.

मग कायद्यांचा परिणाम? ब्रिटनने १९९१ मध्ये धोकादायक कुत्र्यांचा कायदा केला. तरी इंग्लंडमध्ये कुत्रं चावल्याने इस्पितळात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण १९९८ ते २०१८ या वीस वर्षांत लाखामागे सहाच्या आसपास होतं ते पंधरापर्यंत गेलं. त्याच ब्रिटनने २०२३च्या अखेरीस एक्सएल बुली नावाची आणखी एक जात यादीत घातली. नेदरलँड्सने पिटबुलवरची बंदी उठवली. स्पेनच्या आरागोन प्रांतात आणि डेन्मार्कच्या ओडेन्स शहरात बंदीचा परिणाम आढळला नाही. याउलट कॅटलोनियात १९९९च्या कायद्यानंतर दाखल रुग्णांचं प्रमाण लाखामागे १.८ वरून १.१ वर आलं. पण तिथल्या कायद्याने जातीच्या यादीबरोबर परवाना आणि मालकावरच्या जबाबदाऱ्याही आणल्या होत्या. माझ्या मते गुण त्या दुसऱ्या भागाचा असावा.

भारताने हा वाद उशिरा आणि घाईने ओढवून घेतला. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवून २३ 'हिंस्र' जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं. ती यादी एकदा वाचून पाहावी. टोसा इनू एकदा आहे आणि जपानी टोसा म्हणून पुन्हा आहे. 'टेरियर' आणि 'मास्टिफ' हे अख्खे वर्गच घातले आहेत. टेरियरमध्ये मांडीवर मावणारी कुत्रीही येतात. महिन्याभरातच, एप्रिलमध्ये, कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी ते पत्र रद्द केलं, कारण संबंधितांचं म्हणणंच ऐकलेलं नव्हतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोव्यात हणजूणला पिटबुलच्या हल्ल्यात सात वर्षांचा मुलगा दगावला आणि गोवा सरकारने पिटबुल-रॉटवायलर बंदीचा निर्णय घेतला. अशा मृत्यूनंतर सरकारने काहीच न करणं अशक्य असतं, हे समजू शकतं.

खरं तर जात न विचारणारा कायदा आपल्याकडे आहेच. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१, म्हणजे जुन्या दंडविधानातलं २८९, आपल्या ताब्यातल्या जनावराबाबत निष्काळजीपणा करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद सांगतं. २०१०च्या एका घटनेत रॉटवायलरच्या मालकाला मुंबईत गिरगावच्या न्यायालयाने तीन महिन्यांची शिक्षा दिली. ती दिली २०२३ मध्ये. कलम धारदार आहे, पण निकाल लागेपर्यंत कुत्र्याचं आयुष्य संपतं.

आता मोठ्या आकड्यांकडे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२२-२३ मध्ये १५ राज्यांतल्या ६० जिल्ह्यांत सुमारे ७९ हजार घरांत विचारपूस केली. त्यातून वर्षाला ९१ लाख प्राणीदंश, त्यांतले तीन चतुर्थांश कुत्र्यांचे, आणि रेबीजचे ५,७२६ मृत्यू असा अंदाज निघाला. वीस वर्षांपूर्वीच्या, २००३च्या सर्वेक्षणातला अंदाज वीस हजार मृत्यूंच्या वर होता. म्हणजे सुधारणा मोठी आहे. पण संसदेत दिलेल्या उत्तरात २०२४ साली देशभरात ३७ लाख श्वानदंश आणि रेबीजचे संशयित मृत्यू अवघे ५४ आहेत. त्याच उत्तरात महाराष्ट्राचे श्वानदंश ४ लाख ८५ हजार, देशात सर्वाधिक. ५४ आणि ५,७२६ यांच्यातली दरी कशाने पडते? पाण्याला घाबरणारा रुग्ण नातेवाईक घरी नेतात आणि तो तिथेच जातो. पाचातल्या एकाला होणारा लुळेपणाचा रेबीज दुसऱ्याच आजाराच्या नावावर जमा होतो. मृत्यूनंतर मेंदूची तपासणी क्वचितच होते. २००३च्या सर्वेक्षणात चावणाऱ्या कुत्र्यांपैकी ६३ टक्के भटकी आणि ३७ टक्के पाळीव होती. ही ३७ टक्के म्हणजे प्रामुख्याने रॉटवायलर नव्हेत, वाडीवरची आणि गल्लीतली बिनपट्ट्याची घरची कुत्री त्यांतच धरलेली असणार.

जखमेबद्दलचं वैद्यकीय ज्ञान आता बरंच पक्कं आहे, पण ते दवाखान्याच्या दारात पोचताना अडखळतं. पहिली गोष्ट साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण पंधरा मिनिटं. आपल्याकडे अजून हळद, मिरची, चुना लावून माणसं येतात. जंतुसंसर्गावरचा अमेरिकेतला १९९९चा अभ्यास सांगतो की संसर्ग झालेल्या कुत्र्याच्या चाव्यांपैकी निम्म्यांत पाश्चुरेला नावाचा जंतू सापडतो. तो आपल्या त्वचेवरचा नाही, कुत्र्याच्या तोंडातला आहे. म्हणून प्रतिजैविकही त्या हिशोबाने निवडावं लागतं. टाके शक्यतो घालू नयेत, घालावेच लागले तर आधी जखमेत रेबीजविरोधी प्रतिपिंडांचं सीरम भरावं आणि मग सैल घालावेत.

खरी कसोटी त्या सीरमची. कातडी फाटून रक्त आलं की जखम तिसऱ्या श्रेणीत जाते आणि नुसती लस पुरत नाही. लसीने शरीर स्वतःची प्रतिपिंडं तयार करायला आठवडाभर घेतं. तोवर विषाणूला जखमेतच अडवायला तयार प्रतिपिंडं लागतात. घोड्याच्या रक्तातली असतील तर किलोमागे ४० युनिट, माणसाच्या रक्तातली असतील तर २०. ती दंडात टोचून चालत नाही, जखमेच्या आत आणि कडांना भरावी लागतात. चार वर्षांच्या मुलाच्या बोटाच्या पेरावर चावा असेल तर सुई कुठे आणि किती घालायची? जागा इंचभर, मूल किंचाळतंय, आईने हात धरला आहे, आणि जास्त द्रव घातला तर बोटाचा रक्तपुरवठाच अडण्याची भीती. अनुभवी हात नसेल तर डॉक्टर साहजिकच 'पनवेलला जा' म्हणतो. चेहऱ्यावर अनेक जखमा असतील तर मोजलेलं सीरम सलाइनने वाढवून सगळीकडे पुरवावं लागतं. रसायनीच्या कामगाराला पनवेल जवळ आहे. वाडीवरच्या माणसाला नाही. २०२३च्या जुलैत इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा मदतीला आलेल्या माणसांना पायीच वर चढावं लागलं होतं.

याच टप्प्यावर महाराष्ट्रात एक महत्त्वाचं काम झालं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संस्थेबरोबर प्रयोगशाळेत तयार होणारं एकाच प्रकारचं प्रतिपिंड बनवलं. तिसऱ्या श्रेणीच्या २०० रुग्णांवर त्याची माणसाच्या सीरमशी तुलना झाली आणि ते कमी ठरलं नाही. या चाचणीत मुंबईच्या केईएमच्या संशोधकांचा वाटा होता. मात्रा किलोमागे ३.३३ युनिट. घोड्याचं रक्त नको, ॲलर्जीची धास्ती नको, पुरवठा दात्यांवर अवलंबून नको. ग्रामीण रुग्णालयात असायला हवी अशी हीच वस्तू आहे.

लसीची कथा आणखी सूक्ष्म. 'पोटात चौदा इंजेक्शनं' ही भीती आजही चाव्याच्या भीतीला तोडीस तोड आहे. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेल्या जुन्या लसीची आठवण, आणि ती लस भारतात २००४च्या अखेरीस बंद झाली. २००६ पासून त्वचेत टोचायची पद्धत मान्य आहे. दोन्ही दंडांवर प्रत्येकी ०.१ मिलि, दिवस शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस. स्नायूत टोचायच्या पद्धतीत पाच कुप्या जातात, इथे एका रुग्णाला पूर्ण क्रमात एक मिलिलिटरही लागत नाही. पण एकदा पाणी घालून विरघळवलेली कुपी सहा ते आठ तासांत संपवायला हवी. शहरातल्या रांगेत ती सहज संपते. लहान केंद्रावर सकाळपासून एकच रुग्ण आला असेल तर परिचारिकेच्या हातात कुपी आणि मनात स्टॉक रजिस्टर असतं. मग 'उद्या या, अजून दोघं येतील' असं उत्तर मिळू शकतं. पद्धत स्वस्त आहे ती गर्दीच्या ठिकाणी. हे कागदावर धोरण ठरवणाऱ्यांना दिसत नाही.

वर सांगितलेल्या २०२२-२३च्या सर्वेक्षणात कुत्रा चावलेल्यांपैकी पाचातल्या एकाने लस मुळीच घेतली नव्हती आणि ज्यांनी सुरू केली त्यांतल्या जवळपास निम्म्यांनी क्रम पुरा केला नव्हता. या तालुक्यांत त्याचं एक कारण ऋतू आहे. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, बिऱ्हाडासकट. कार्तिकात चावा झालेला माणूस सातव्या दिवसापर्यंत सापडतो, अठ्ठाविसाव्या दिवशी तो दुसऱ्या तालुक्यात, कदाचित दुसऱ्या जिल्ह्यात, भट्टीवर असतो. त्याने लस 'सोडली' असं कागद म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये शून्य, तीन, सात असा एका आठवड्याचा क्रम पुरेसा मानला आहे. आपल्या राष्ट्रीय सूचनांत अठ्ठाविसावा दिवस राहिला. शहरी रुग्णाला तो एक फेरी जास्त आहे, भट्टीवरच्या माणसाला तो एका दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं आहे.

राहिला प्रश्न रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या संख्येचा. मुंबईला तो नवा नाही. १८३२च्या जूनमध्ये कंपनी सरकारच्या कुत्री मारण्याच्या हुकमावरून पारशांनी शहर बंद पाडलं होतं. अलीकडे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातली कुत्री उचलायला सांगितलं. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते बदलून नसबंदी आणि लस करून जागेवर सोडायला सांगितलं, पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री सोडून. ७ नोव्हेंबरला शाळा, इस्पितळं, बसस्थानकं यांच्या आवारातली कुत्री पुन्हा तिथेच सोडू नका असा आदेश आला.

जयपूरमध्ये अनेक वर्षं चिकाटीने नसबंदी चालली तेव्हा चाव्यांची नोंद घटली, हे छापून आलेलं आहे. उलट अनिरुद्ध बेलसरे आणि अबी वनक यांनी २०२० मध्ये संगणकावर केलेलं प्रतिमान सांगतं की तुरळक नसबंदीने संख्या हलत नाही, कारण उरलेल्यांची पिल्लं आणि बाहेरून येणारी कुत्री जागा भरून काढतात. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत. प्रश्न जोराचा आहे आणि तिथेच रसायनी अडतं. २०२३च्या नियमांनी नसबंदी स्थानिक स्वराज्य संस्थेवर टाकली आहे. त्यासाठी प्राणी कल्याण मंडळाची मान्यता, शस्त्रक्रियागृह, पिंजरे, पशुवैद्य हवेत. वासांबे-मोहोपाड्यासारखी ग्रामपंचायत हे एकटीने कसं उभारणार? आणि उभारलं तरी कुत्री ग्रामपंचायतीची हद्द मानत नाहीत, एमआयडीसीचं कुंपणही नाही.

गोव्याकडे म्हणूनच पाहावं. तिथे मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकार यांनी आधी लसीकरण हाती घेतलं. माणसं हातजाळी घेऊन गल्लोगल्ली फिरली, प्रत्येक कुत्र्याची नोंद मोबाइल ॲपवर झाली, शाळाशाळांत मुलांना शिकवलं, आणि पिसाळलेल्या कुत्र्याची खबर देण्यासाठी फोन ठेवला. वर्षाला सरासरी ९५ हजार कुत्री टोचली गेली. २०२२ मध्ये छापलेल्या निबंधानुसार कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी उतरला आणि २०१८ पासून त्या अभ्यासाच्या काळात माणसाचा एकही मृत्यू झाला नाही. कुत्री संपली नव्हती, चावेही संपले नव्हते, मृत्यू संपले. त्या जाळ्यात सापडलेलं कुत्रं घरचं की बेवारस, गावठी की संकरित, यावर लस अवलंबून नव्हती. सत्तर टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस, हा एकच आकडा धरून काम झालं. २०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात १२ लाख ७६ हजार भटकी कुत्री होती. गोव्यापेक्षा काम कितीतरी मोठं आहे, पण खालापूर आणि कर्जत हे दोन तालुके मिळून करायचं म्हटलं तर ते आवाक्यात आहे.

आणखी एक पर्याय आपल्याकडे फारसा बोलला जात नाही, तो म्हणजे चाव्याआधीची लस. जागतिक आरोग्य संघटनेच्या क्रमात तिच्या दोन खेपा, आपल्या सूचनांत तीन. ती घेतलेल्या माणसाला पुढे कधी कुत्रं चावलं तर शून्य आणि तीन या दिवशी दोन डोस पुरतात आणि सीरम लागतच नाही. सगळ्यांना ती देणं परवडणारं नाही. वर्षाला शंभरातल्या पाचांहून अधिक माणसांना चावे होतात आणि उपचार दूर आहेत अशा वस्त्यांपुरता संघटना त्याचा विचार सुचवते. देशाची सरासरी हजारामागे ५.६ आहे, त्या मर्यादेच्या कितीतरी खाली. पण सरासरीत मोहोपाड्याचा बाजार आणि डोंगरावरची वाडी एकत्र मिसळतात. फार्महाऊसचे राखणदार, एमआयडीसीतले रात्रपाळीचे सुरक्षा रक्षक आणि पावसाळ्यात रस्ता तुटणाऱ्या वाड्यांवरची मुलं यांच्यात हा आकडा किती आहे, हे आशाताईंनी घरोघर विचारलं तर एका पंधरवड्यात कळेल.